पाळीव कुत्र्याला थेरपी डॉगचं प्रमाणपत्र मिळवताना: कोणती पायरी आधी, कोणती नंतर

आपला कुत्रा प्रेमळ आहे, त्याला रुग्णालयात किंवा वृद्धाश्रमात न्यावं, असं मनात आलं की बहुतेक जण पहिलं काम करतात ते ‘थेरपी डॉग’ छापलेलं जाकीट मागवण्याचं. मग बस-ऊठ शिकवतात, मग संस्था शोधतात. चाचणीचा फॉर्म भरताना कळतं की कुत्रा कच्चं मांस खातो म्हणून तो बादच आहे, किंवा ज्या वृद्धाश्रमात जायचं ठरवलं होतं तिथे या संस्थेचं प्रमाणपत्र चालत नाही. मेहनत सगळी केलेली असते, फक्त क्रम उलटा झालेला असतो. खालचे टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने घ्या.

सुरुवात करण्याआधी एक गैरसमज दूर करू. थेरपी डॉग म्हणजे मालकासोबत स्वयंसेवक म्हणून इतरांना भेटायला जाणारा घरचा कुत्रा. अंध किंवा अपंग व्यक्तीला रोजच्या कामात मदत करणारा प्रशिक्षित सहाय्यक कुत्रा वेगळा. सहाय्यक कुत्र्याला सार्वजनिक ठिकाणी प्रवेशाचा हक्क अनेक देशांच्या कायद्यात आहे. थेरपी डॉगला तो नाही. बोलावलं असेल तिथे, ठरलेल्या वेळी, इतकंच. त्यामुळे प्रमाणपत्र दाखवून हॉटेलात किंवा विमानात कुत्रा नेता येईल, या आशेने कोणी यात पडू नये.

सावधान: कुत्र्याला न पाहता, नुसते पैसे घेऊन ओळखपत्र, जाकीट आणि ‘नोंदणी क्रमांक’ पाठवणाऱ्या वेबसाइट पुष्कळ आहेत. त्या कागदाला कोणतंही जबाबदार रुग्णालय विचारत नाही, आणि त्यामागे विमाही नसतो.

## टप्पा १: कुत्र्याला हे काम आवडेल का, ते आधी पाहा

हाच टप्पा सगळ्यात जास्त लोक गाळतात, म्हणून इथे जरा थांबू. घरच्यांवर जीव टाकणारा कुत्रा अनोळखी माणसांवरही तितकाच खूश असेल असं नाही. पुष्कळ कुत्री परक्या हाताचा स्पर्श मुकाट्याने सहन करतात आणि मालकाला वाटतं, किती शांत आहे! परीक्षकाला मात्र हा फरक मिनिटाभरात दिसतो.

घरी करून पाहण्याची साधी पद्धत अशी. कुत्र्याने कधी न पाहिलेल्या माणसाला खुर्चीवर बसवा. खाऊ नको, हाका नकोत. कुत्रा सैल लीशवर (हातात धरायच्या दोरीवर) असू द्या आणि तुम्ही गप्प उभे राहा. तो आपणहून जवळ जातो का? गेला, तर त्या माणसाने पाचेक सेकंद मानेच्या बाजूला किंवा छातीवर हात फिरवावा आणि हात काढून घ्यावा. कुत्रा आणखी जवळ सरकला, हाताला नाक लावलं, अंग टेकवलं, तर उत्तर ‘हो’. जागच्या जागी राहिला, मान वळवली, अंग झटकून निघून गेला, तर उत्तर ‘नाही’ किंवा ‘आत्ता नको’. वेगवेगळ्या माणसांबरोबर हे करा: टोपी घातलेला माणूस, काठीवाली आजी, मोठ्याने बोलणारा, दाढीवाला, लहान मूल. मूल असेल तेव्हा त्याचे पालक जवळ हवेत.

ताणाच्या खुणा ओळखता आल्याच पाहिजेत, कारण पुढच्या प्रत्येक टप्प्यात त्या लागणार आहेत. खायला काही नसताना ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभई, डोळ्याचा पांढरा भाग दिसेल अशी तिरकी नजर, उकडत नसताना धाप, कान मागे दाबणं, एक पंजा उचलून धरणं, शेपूट पोटाखाली, अचानक कोंडा किंवा केस गळणं, फरशीवर ओल्या पंजांचे ठसे. आवडता खाऊ नाकारला तर ती मोठी खूण समजा. आणि शेपूट हलते म्हणजे कुत्रा खूशच आहे, हे डोक्यातून काढून टाका. ताठ, उंच धरलेली, भरभर हलणारी शेपूट खुशीची नसते.

जात कोणतीही चालते, मिश्र असली तरी. आकारही आडवा येत नाही: मोठा कुत्रा खाटेशेजारी उभा राहून भेटतो, छोटा खुर्चीवर किंवा मांडीवर बसून. खरी अडचण वेगळीच असते. ज्याने कधी माणसाला चावलंय, जो खाण्यावर किंवा मालकावर हक्क सांगत गुरगुरतो, ज्याला राखणीसाठी चावायला शिकवलंय, अशा कुत्र्याचा अर्ज करू नका. पेट पार्टनर्स या अमेरिकी थेरपी डॉग संस्थेसारख्या ठिकाणी तर खेळाच्या स्पर्धेसाठी चावायला शिकवलेला कुत्राही बसत नाही.

तपासा: परक्या माणसांपैकी बहुतेकांकडे कुत्रा न बोलावता गेला का? आवाज किंवा धक्क्याने दचकल्यावर काही सेकंदांत सावरला का? दोन्हीचं उत्तर ‘हो’ नसेल तर इथेच थांबा. बुजऱ्या कुत्र्याला हळूहळू माणसांची सवय करता येते, पण त्याला मुळात माणसं नकोशीच असतील तर प्रशिक्षणाने ती हवीशी होत नाहीत. असा कुत्रा घरी सुखात राहू द्या. तुम्हाला एकट्याने स्वयंसेवा करता येतेच.

## टप्पा २: जागा ठरवा, मग संस्था निवडा

आधी ज्या ठिकाणी जायचं आहे तिथे विचारा: तुम्ही कोणत्या संस्थेचं प्रमाणपत्र मानता? रुग्णालयाचे नियम शाळेपेक्षा कडक असतात, आणि काही ठिकाणी फक्त ठरावीक संस्थांच्याच जोड्या (कुत्रा आणि त्याला नेणारा माणूस) घेतात. उत्तर लेखी मिळालं तर उत्तम.

मग त्या संस्थेचे नियम शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, कारण ते एकसारखे नसतात. पेट पार्टनर्समध्ये कुत्रा चाचणीच्या वेळी किमान १ वर्षाचा हवा आणि तुमच्या घरी किमान ६ महिने राहिलेला हवा. त्यांच्याकडे जोडीची चाचणी दर २ वर्षांनी पुन्हा होते. अलायन्स ऑफ थेरपी डॉग्ज या दुसऱ्या अमेरिकी संस्थेत हाताळणीच्या चाचणीनंतर परीक्षकाच्या देखरेखीखाली ३ भेटी द्याव्या लागतात, मगच सदस्यत्व. म्हणजे एकीकडे सगळा भर चाचणीवर, तर दुसरीकडे प्रत्यक्ष कामावरही. तुमचा कुत्रा चाचणीच्या खोलीत बुजतो पण खऱ्या माणसांत खुलतो असं असेल, तर हा फरक तुमच्या कामाचा आहे.

अमेरिकन केनेल क्लब या कुत्र्यांची नोंदणी करणाऱ्या संस्थेच्या नावाने फार गोंधळ होतो. त्यांची ‘कॅनाइन गुड सिटिझन’ ही १० भागांची शिस्तीची चाचणी आहे. अनोळखी माणसाला भेटणं, गर्दीतून चालणं, दुसऱ्या कुत्र्यासमोर शांत राहणं, मालक ३ मिनिटं दिसेनासा झाल्यावर न घाबरणं वगैरे. पाया म्हणून ती उत्तम आहे, पण ते थेरपीचं प्रमाणपत्र नव्हे. त्याच क्लबची ‘थेरपी डॉग’ ही पदवी तर मान्यताप्राप्त संस्थेत प्रमाणित होऊन ५० भेटी झाल्यावर मिळते. क्लब स्वतः थेरपी डॉग प्रमाणित करत नाही.

संस्थेला विचारायचे प्रश्न लिहून न्या. भेटीत कोणाला इजा झाली तर विमा आहे का? नूतनीकरण किती काळाने? एका वेळी एका माणसासोबत किती कुत्री? (बहुतेक ठिकाणी एकच.) घरातल्या दोघांना तोच कुत्रा न्यायचा असेल तर? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जवळपास सगळीकडे सारखंच मिळेल: दोघांनी वेगवेगळी चाचणी द्यायची. प्रमाणपत्र एकट्या कुत्र्याचं नसतं, जोडीचं असतं.

सावधान: विमा बहुतेकदा फक्त विनामोबदला, नोंद केलेल्या भेटींनाच लागू असतो. भेटीचं मानधन घेतलंत किंवा मैत्रिणीच्या आजीला भेटायला परस्पर गेलात, तर ती भेट तुमच्या जबाबदारीवर.

## टप्पा ३: आरोग्य आणि आहार

पशुवैद्याचा फॉर्म संस्थेकडूनच मिळतो. तो घेऊनच दवाखान्यात जा, नाहीतर एका सहीसाठी पुन्हा खेप पडते. रेबीजची लस चालू मुदतीत हवी. बाकी लसी संस्था आणि पशुवैद्य सांगतील तशा. विष्ठेची तपासणी, जंताचं औषध, पिसवा-गोचीड नियंत्रण हे ओघाने आलंच. पण फॉर्मबाहेरच्याही काही गोष्टी मुद्दाम तपासून घ्या: कान, दात, कातडीवर गजकर्णासारखे चट्टे, आणि मुख्य म्हणजे सांधे. एरवी गरीब असलेला कुत्रा दुखऱ्या कमरेवर हात पडला की गुरगुरतो, आणि चाचणीत एक गुरगुर पुरते.

आहाराचं आधीच म्हटलं. कच्चं मांस खाणाऱ्या कुत्र्याच्या विष्ठेतून, लाळेतून साल्मोनेलासारखे जंतू बाहेर पडू शकतात, आणि कुत्रा स्वतः ठणठणीत दिसतो. केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाला तेच जंतू जिवावर बेतू शकतात. म्हणूनच आरोग्यसेवेतील संसर्गावर काम करणाऱ्या SHEA (सोसायटी फॉर हेल्थकेअर एपिडेमिऑलॉजी ऑफ अमेरिका) या अमेरिकी संस्थेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत, भेटीला येणाऱ्या कुत्र्याने मागचे ९० दिवस कच्चा प्राणिज आहार घेतलेला नसावा असं म्हटलं आहे. इथे लोक हमखास चुकतात ते चघळायच्या तुकड्यांवर: शिजवलेलं जेवण देतात, पण न शिजवता नुसते वाळवलेले कान किंवा स्नायूंचे तुकडे खाऊ म्हणून चालूच ठेवतात. तेही कच्चंच.

मादी माजावर असताना भेट नाही, चाचणीही नाही. तारीख घेताना हा हिशोब धरा.

## टप्पा ४: सराव

आज्ञा थोड्याच लागतात: बस, आडवा हो, थांब, ये, सोड. शब्द कोणतेही वापरा, पण घरातल्या सगळ्यांनी तेच वापरा. यातली ‘सोड’ ही सगळ्यात महत्त्वाची, आणि हीच लोक सगळ्यात कच्ची ठेवतात. वॉर्डात जमिनीवर पडलेली गोळी कुत्र्याने उचलली तर पुढे सगळा घोळ आहे. आयब्युप्रोफेन, पॅरासिटामॉल ही माणसांची साधी औषधं कुत्र्याला विषारी ठरतात. सराव करताना आधी साधं बिस्कीट, मग मांसाचा तुकडा, मग चालता चालता अचानक पडलेला तुकडा. सोडल्याबद्दलचं बक्षीस तुमच्या हातातून द्या, जमिनीवरून कधीच उचलू देऊ नका.

उडी मारणं, पंजा देणं आणि चाटणं, या तिन्हींवर आधीपासून काम करा. ‘शेकहँड’ शिकवला असेल तर तो विसरायला लावणं हे वेगळंच काम होऊन बसतं. वयस्कर माणसांची त्वचा कागदासारखी पातळ झालेली असते, एका पंजाने ती फाटते. लोकांना पंजा देणारा कुत्रा गोड वाटतो, परीक्षकाला नाही.

आता साहित्याची ओळख. इथे घाई केली की महिन्यांचं काम वाया जातं.

१. व्हीलचेअर रिकामी, स्थिर. कुत्र्याला हुंगू द्या.
२. रिकामीच, पण दुसरं कोणी हळू ढकलतंय. कुत्रा लांबून बघतोय.
३. माणूस बसलेला, चाकं थांबलेली. कुत्र्याला बाजूने जवळ आणा, समोरून नको. पंजे आणि शेपूट चाकांपासून दूर.
४. माणूस बसलेला, खुर्ची चालती, तुम्ही शेजारून.

हाच क्रम वॉकर, कुबड्या, सलाईनचा चाकांचा स्टँड यांच्यासाठी. एका पायरीवर कुत्रा सैल अंगाने उभा असेल तरच पुढची. बुळबुळीत फरशी, लिफ्ट, आपोआप उघडणारी दारं यांचाही सराव हवा. धीट कुत्रीही चकचकीत फरशीवर पाय रोवून बसतात, आणि मालकाला ते चाचणीच्या इमारतीत पहिल्यांदा कळतं.

शेवटी माणसांचं वेडंवाकडं वागणं: जोराने थोपटणं, कान धरणं, गळ्यात हात टाकणं, तिघाचौघांनी एकदम वेढणं, मागे काहीतरी धाडकन पडणं, दोघांचं चढ्या आवाजात बोलणं. हे सगळं आधी तुम्ही, मग ओळखीच्या माणसाने, मग परक्याने. प्रत्येक वेळी सौम्य, आणि लगेच खाऊ. घाबरलेल्या कुत्र्याला ‘सवय होईल’ म्हणून तिथेच धरून ठेवू नका. त्याने सवय होत नाही, भीती पक्की होते.

तपासा: आवाजाने दचकणं चालतं. दचकून सावरणं आणि पुन्हा माणसाकडे वळणं, हे परीक्षक पाहतो. तुमचा कुत्रा लपत असेल, भुंकत सुटत असेल, तर टप्पा ५ वर जाऊ नका.

## टप्पा ५: तुमचा स्वतःचा सराव

चाचणीत तुम्हीही परीक्षार्थी असता, तरी तयारी फक्त कुत्र्याचीच केली जाते. नापास होणाऱ्या कित्येक जोड्यांत कुत्रा ठीक असतो, मालक परीक्षकाशी गप्पा मारत असतो आणि कुत्रा केव्हापासून ओठ चाटतोय हे त्याच्या लक्षातच येत नाही.

लीश सैल ठेवायला शिका. घट्ट लीशमधून तुमची धाकधूक कुत्र्यापर्यंत पोचते, आणि ती ढिली केल्याशिवाय कुत्रा खरा कसा वागतो ते तुम्हालाही कळत नाही. एक डोळा माणसाकडे, एक कुत्र्याकडे, ही सवय बाजारात, बागेत, कुठेही लावता येते.

नम्रपणे थांबवायची वाक्यं तोंडपाठ हवीत. ‘त्याला इथे मानेजवळ हात फिरवलेला जास्त आवडतो.’ ‘जरा बाजूने या ना, त्याला बरं पडेल.’ ‘आता त्याला विश्रांती देऊ या.’ परीक्षक मुद्दाम कुत्र्याला अवघडवणारं काही करतो, तेव्हा गप्प राहणं ही सभ्यता ठरत नाही. कुत्र्याची बाजू तुम्ही घेता का, हेच तो पाहत असतो.

आणि बोलण्याचं भान: आधी ‘कुत्र्याला भेटायला आवडेल का?’ असं विचारायचं, नकार आला तर हसून पुढे जायचं. आजाराबद्दल विचारायचं नाही. तिथे ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही, फोटो लेखी परवानगीशिवाय काढायचा नाही. बहुतेक संस्था यासाठी हँडलरचा, म्हणजे कुत्रा हाताळणाऱ्याचा, अभ्यासक्रम घेतात. तो चाचणीच्या आदल्या रात्री उरकू नका.

## टप्पा ६: रंगीत तालीम

नवी जागा, नवा माणूस, खिशात खाऊ नाही. संस्थेचा चाचणीचा तक्ता छापून त्या माणसाच्या हाती द्या आणि सगळे भाग ओळीने, मध्ये न थांबता घ्या. व्हिडिओ काढा. स्वतःचे हात आणि लीश पाहून बहुतेकांना धक्का बसतो. खाऊशिवाय कुत्रा ऐकत नसेल तर खाऊ हळूहळू कमी करत पुन्हा टप्पा ४. अनेक चाचण्यांत खाऊ दाखवून काम करवून घेणं चालत नाही.

## टप्पा ७: चाचणीचा दिवस

आदल्या दिवशी अंघोळ, सौम्य आणि बिनवासाच्या शाम्पूने. नखं कापून वर कानस फिरवा, नुकतं कापलेलं नख जास्त बोचतं. मानेवर सोडायचं पिसवांचं औषध त्या आठवड्यात नको, लोकांचे हात तिथेच फिरतात.

साधा पट्टा किंवा हार्नेस, आणि ठरावीक लांबीची लीश. सहसा ६ फुटांपर्यंत. लांब-आखूड होणारी डबीतली लीश, काट्यांचा पट्टा, गळा आवळणारी साखळी, विजेचा पट्टा यांपैकी काहीही घालून गेलात तर दारातूनच परत पाठवतील. कागदपत्रं मूळ आणि प्रत दोन्ही न्या. लवकर पोचा, फिरवा, शी-शू उरकून घ्या. चाचणीच्या खोलीत शू झाली तर सहसा निकाल तिथेच लागतो.

निकाल नेहमी नुसता पास-नापास नसतो. ‘अजून तयार नाही’ असा शेरा मिळाला तर नेमका कोणता भाग ते विचारून घ्या आणि फक्त त्यावर काम करा. पास झालात तरी कोणत्या वातावरणासाठी, हे काही संस्था लिहून देतात: शांत, अंदाज बांधता येईल अशी जागा, किंवा गजबजलेलीही. शांत जागेसाठी पास झालेला कुत्रा आपत्कालीन विभागात न्यायचा नाही. गुरगुर किंवा चावण्याचा प्रयत्न झाला असेल तर दुसरी संस्था शोधून पुन्हा नशीब अजमावू नका.

## टप्पा ८: पहिल्या भेटी

पहिली भेट छोटी ठेवा, अर्धा तास पुरतो, आणि जमल्यास अनुभवी स्वयंसेवकाबरोबर जा. पेट पार्टनर्समध्ये एका दिवसात २ तासांची कमाल मर्यादा आहे. SHEA च्या सूचनांत रुग्णालयासाठी १ तास. तो पूर्ण करायचाच असं नाही.

नियम थोडेच, पण न चुकता पाळायचे. प्रत्येक माणसाने कुत्र्याला हात लावण्याआधी आणि नंतर हात स्वच्छ करायचे, तुम्हीसुद्धा. खाटेवर कुत्रा ठेवायचा असेल तर खाली वेगळी चादर किंवा एकदा वापरून टाकायचं आवरण, आणि ते पुढच्या रुग्णाकडे न्यायचं नाही. जखमा, नळ्या, सलाईनची जागा यांपासून तोंड दूर. विलगीकरणातल्या खोल्या आणि स्वयंपाकाची जागा वर्ज्य. खोलीत जायच्या आधी नर्सला विचारायचं, दारावरची पाटी वाचली असली तरी.

घरी आल्यावर कुत्रा नेहमीपेक्षा जास्त झोपतो, ते साहजिक आहे. पण पुढच्या वेळी जाकीट पाहून तो मागे सरकला, गाडीत चढेना, तर त्या दिवशीची भेट रद्द करा आणि ठिकाणी फोन करून तसं सांगा. लागोपाठ असं झालं तर आधी पशुवैद्याकडे, दुखणं आहे का ते पाहायला. दुखणं नसेल तर जागा बदलून पाहा: वॉर्डात कंटाळणारा कुत्रा मुलांच्या वाचनाच्या तासाला रमू शकतो.

प्रत्येक भेटीची तारीख, वेळ आणि ठिकाण वहीत लिहा, संस्था ते मागतेच. त्याच वहीच्या पहिल्या पानावर रेबीजच्या लसीची, विष्ठा-तपासणीची आणि प्रमाणपत्राची मुदत लिहून ठेवा, आणि पुनर्चाचणीची वेळ मुदतीच्या दोनेक महिने आधीच मागा. परीक्षक कमी असतात, तारखा लांबतात. यातली एकही मुदत उलटली असेल, तर नूतनीकरण होईपर्यंत भेटी बंद. तोवर विमाही लागू नसू शकतो.